अकरा सेंटिमीटरच्या बाहुलीचे केस आणि तिची खोली

प्रश्न थोडक्यात असा: ‘माझ्याकडे ११ सेंटिमीटरची, रेझिनची, सांधे हलणारी बाहुली आहे. तिच्यासाठी मोहेअरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचा, विग केला, तर डोक्यावर पेंढा ठेवल्यासारखा फुगला. मग १:१२ च्या मापानं, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शानं, खोली करायला घेतली. तुळशीबागेतून भातुकली आणून मांडली, पण बाहुली तिथं राहणारी वाटत नाही, दुकानात उभी आहे असं वाटतं. काय चुकतंय? आणि आधी काय सुधारू, विग की खोली?’

तुमची दोन्हीकडची चूक एकच आहे. आकार तुम्ही नीट लहान केलेत, जाडी लहान करायची राहिली. केसाची जाडी, कापडाची जाडी, फळीची, भांड्याच्या काठाची. आपला डोळा वस्तूची लांबी-रुंदी मोजत बसत नाही, कड बघतो आणि तिथंच चोरी पकडतो. मी चौदा वर्षं हे काम करतेय आणि अजूनही नवीन सामान हातात आलं की आधी जाडी मोजायचा कॅलिपर काढते, रंग नंतर बघते.

पहिल्यांदा बाहुलीचं डोकं मोजा. कागदाची पट्टी कपाळावरून, कानांच्या वरून मागे मानेपर्यंत फिरवा. या आकाराच्या बाहुल्यांचा घेर साधारण ९ ते १० सेंटिमीटर भरतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५५ च्या आसपास, म्हणजे डोकं झालं जवळजवळ १:६. आता उंची बघा. १६० सेंटिमीटरची बाई धरली तर ११ सेंटिमीटर म्हणजे १:१४ च्याही खाली. एकाच बाहुलीत दोन मापं आहेत! पहिली दोन वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डोक्याशी संबंध असलेलं सगळं, म्हणजे केस, चष्मा, टोपी, उशी, हे १:६ नं करायचं. धडाशी संबंध असलेलं, म्हणजे खुर्ची, ताट, दार, हे १:१२ च्या आसपास. ११ सेंटिमीटर गुणिले बारा म्हणजे १३२ सेंटिमीटर, आठ-नऊ वर्षांच्या मुलीची उंची. त्यामुळे ती मोठ्यांच्या घरातली लहान मुलगी आहे असं धरलंत, तर १:१२ ची खोली तिला बरोबर बसते. तुमचं ते माप चुकलेलं नाही.

आता केस. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. खरा केस या बाहुलीला लावला तर सहापट होऊन ०.४ मिलिमीटरचा वाटतो, घोड्याच्या शेपटीहूनही राठ. म्हणून छोट्या बाहुलीला माणसाचे केस कितीही महागाचे आणले तरी शोभत नाहीत, सरळ उभे राहतात. करडाच्या पहिल्या कातरणीचा मोहेअर २५ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. सहानं गुणलं की ०.१५, खऱ्या केसाच्या दुप्पट. पूर्ण वाढलेल्या बोकडाचा मोहेअर याहून बराच जाड. तुम्ही बहुधा तोच आणलात. स्वस्त पुडक्यात तोच येतो. आणि रेशीम? वरचा नैसर्गिक डिंक काढलेल्या तुतीच्या रेशमाचा एक तंतू १२ मायक्रॉनच्या आसपास. गुणिले सहा, ०.०७. हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी एकटीच हसले होते.

म्हणून सरळ केसांच्या बाहुलीला मी रेशीम वापरते. येवल्याच्या पैठणीवाल्यांकडे ताण्याची उरलेली टोकं मिळतात, विचारलं तर देतात. रंगवलेल्या धाग्याचा डिंक आधीच काढलेला असतो. कच्चं रेशीम मिळालं तर साबणाच्या पाण्यात पाऊण-एक तास उकळावं लागतं. वजनाचा पाव हिस्सा त्या पाण्यात जातो, तेव्हा घाबरू नका, तो डिंकच असतो. मग दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करून सुईच्या टोकानं पीळ सोडवायचा. कंटाळवाणं काम आहे. मी ते क्रिकेटची मॅच चालू असताना करते.

कुरळ्या केसांना मात्र रेशीम नको. ते घातलेली वळणं धरत नाही, दोन दिवसांत सुटतं. तिथं करडाचा मोहेअरच हवा. आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, इथं फार जाड. मी एकदाच एका म्हातारबाबांच्या दाढीसाठी वापरली होती आणि ती मात्र झकास दिसली.

रंगाचं लगेच सांगून टाकते, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथं होतं. रेशीम आणि मोहेअर दोन्ही प्राणिज, त्यांना ॲसिड डाय आणि व्हिनेगर घालून गरम पाण्यात रंगवा आणि पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत धुवा. माझ्या एका सुरुवातीच्या गिऱ्हाइकाच्या बाहुलीच्या कपाळावर काळ्या विगची निळसर रेघ उमटली होती. रेझिनमध्ये शिरलेला रंग पुसून जात नाही. सॅंडपेपरनं घासून काढावा लागला, आणि घासताना भुवयांचा रंगही गेला. तेव्हापासून गडद विग ओल्या पांढऱ्या रुमालावर रात्रभर दाबून ठेवल्याशिवाय मी डोक्यावर चढवत नाही. चहाचा तपकिरी रंग सुंदर येतो. हिरडा आणि लोखंडाचा काळाही येतो, पण लोखंडानं रेशीम काही वर्षांत ठिसूळ होतं. विकायच्या विगला तो करू नका.

आता टोपी. मराठी नाटकवाले विगला टोप म्हणायचे आणि आपल्या आज्या वेणीत गंगावन घालायच्या. दोन्हीत केस जाळीवर किंवा दोऱ्यावर गाठ मारून बसवतात. या आकारात गाठ मारायचीच नाही. गाठीची जाडी भरते आणि डोकं भोपळ्यासारखं दिसतं. तुमचा विग फुगायचं निम्मं कारण तेच असणार. डोक्यावर क्लिंग फिल्म ताणून मानेशी रबर लावा. तिच्यावर जुन्या पातळ स्टॉकिंगचा एक थर, त्यावर पाणी मिसळलेल्या फेविकॉलचे दोन हात, मध्ये पूर्ण वाळू देऊन. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, जुलैत दोन दिवस. वाळलं की पेन्सिलीनं केसांची कड आखा, कपाळावर तुम्हाला वाटते त्याच्या दोन मिलिमीटर खाली. मग काढून कापा. टोपी सैल हवी की घट्ट? किंचित सैल. या बाहुल्यांच्या डोक्याचं झाकण आतल्या लोहचुंबकावर बसलेलं असतं, डोळे बदलता यावेत म्हणून. विग घट्ट झाला की काढताना झाकणासकट हातात येतो आणि आतला डोळा घरंगळत सोफ्याखाली जातो. डोळा आठ मिलिमीटरचा असतो. शोधून बघा एकदा.

केस टोपीवर थेट चिकटवू नका. बटर पेपरवर केसांचा इतका विरळ थर पसरा की खालचं अक्षर वाचता यावं. एका टोकाला गोंदाची बारीक रेघ ओढा. वाळल्यावर रेघेची दीड-दोन मिलिमीटरची पट्टी ठेवून बाकी कापा. अशा पट्ट्या मानेपासून वर चढवत जायच्या, खाली चार-पाच मिलिमीटरच्या अंतरानं, टाळूजवळ तीनच्या. सहा-सात ओळींत डोकं झाकलं जातं. पुरे. नवीन करणारा माणूस टक्कल दिसेल या भीतीनं बारा ओळी लावतो. टक्कल दिसत असेल तर टोपीलाच आधी केसांच्या रंगाचा हात द्या, मग अर्धे केस पुरतात. एका विगला सगळे मिळून दोन ग्रॅमपेक्षा जास्त लागत नाहीत. तुमचा काट्यावर ठेवून बघा, पाच तरी भरेल.

भांग ही शेवटची पट्टी. केसांचा थर दुप्पट लांबीचा घ्या, बरोबर मध्यावर त्याच रंगाच्या एकेरी दोऱ्यानं बारीक टाके घाला, ती शिवण टाळूवर बसवा आणि दोन्ही बाजूंना केस पाडा. शिवणीवर नखानं दाब द्या. इथं गोंद पृष्ठभागावर आला तर वाळल्यावर चकाकतो, भांगात तेल साचल्यासारखा. कापताना कात्री आडवी चालवली की वाटी ठेवून कापल्यासारखे केस होतात. ब्लेड उभं धरून खाली ओढत विरळ करा.

झटपट चिकटणारा इन्स्टंट ग्लू या कामात घरात असला तरी कपाटात ठेवा. सुती आणि लोकरी धाग्यावर पडला की तो एकदम तापतो, बोट भाजतं. शिवाय त्याची वाफ डोळ्यांच्या ॲक्रिलिकवर पांढरी साय धरते. मी दोन्ही करून बसले आहे, एकाच दुपारी.

कुरळे करायचे तर ओले केस टूथपिकवर गुंडाळून वाफ द्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सोडू नका. मोहेअर आपल्या केसांसारखाच वागतो, ओल आणि उष्णतेनं वळण घेतो आणि ओलीनंच सोडतो. पुण्यात मे महिन्यात केलेले कुरळे केस रत्नागिरीत जुलैमध्ये उतरतात, तिथल्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगते. खोपा घालणार असाल तर त्यासाठी वेगळे लांब केस लावायची गरज नाही. केस मागे ओढून दोऱ्यानं बांधा आणि खोपा वेगळा करून टाचा, आतमध्ये कापसाचा एक गोळा. गजरा पांढऱ्या एकेरी दोऱ्याच्या गाठींचा करा. मी एकदा खसखशीचा केला होता. फारच हुबेहूब झाला, मुंग्यांनाही पटला.

विगचं इतकं. खोलीकडे येते.

१:१२ म्हणजे एका फुटाला एक इंच. हे माप बाहुलीघरांत रुळलेलं आहे. नवी दिल्लीचा आराखडा करणारे एडविन ल्युटेन्स यांनी राणी मेरीसाठी आखलेलं, १९२४ मध्ये पूर्ण झालेलं विंडसरमधलं बाहुलीघर याच मापाचं. अमेरिकेतल्या श्रीमती थॉर्न यांनी १९३२ ते १९४० या काळात करून घेतलेल्या आणि आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या ६८ खोल्याही याच मापाच्या. पण तुम्ही राजवाड्याच्या नादी लागू नका. या मापाची खरी गंमत आपल्याला जास्त: चाळीतली दहा बाय बाराची खोली इथं बरोबर दहा बाय बारा इंच होते. ए-फोर कागदाहून जरा मोठी, पुस्तकांच्या कपाटात बसणारी. माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी याच खोलीला आहे, आणि मागणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात. न्यू जर्सीहून एका काकांनी मोरीचा कठडा किती वीत उंच होता तेसुद्धा कळवलं होतं.

भिंत. पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड बारापट केला की सहा सेंटिमीटर. नऊ इंची विटेची भिंत १:१२ मध्ये १९ मिलिमीटर हवी. सगळी भिंत तेवढी जाड करायची गरज नाही, फक्त जिथं जाडी दिसते तिथं, म्हणजे दाराच्या आणि खिडकीच्या कडेला, आतून पट्टी लावून तेवढी जाडी द्या. वाडा करत असाल तर दोन इंच, कारण तिथल्या भिंती दोन-दोन फुटांच्या. एवढ्या एका गोष्टीनं खोक्याचं घर होतं. आइस्क्रीमची काडी दोन मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ एक इंच जाडीची फळी. मांडणी, पाट, खुंटाळं यांना ती तशीच चालते. तिच्या रेषाही बारीक असतात. सागाचा तुकडा ‘खरं लाकूड’ म्हणून वापराल तर त्याच्या रेषा बारापट मोठ्या होऊन टेबल झाडाच्या खोडासारखं दिसेल. शहाबादी फरशीला जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या, दोन-दोन इंचांचे चौकोन, प्रत्येकाचा करडा-निळा जरासा वेगळा, सांध्यांत पातळ पुट्टी. तुटक्या कोपऱ्याची एक फरशी ठेवाच. चाळीत खालच्या अर्ध्या भिंतीला हिरवा ऑइलपेंट असायचा, तो खऱ्या ऑइलपेंटनं करू नका. चकाकी लहान होत नाही. मॅट रंगावर मेणाचा एक हलका हात पुरतो.

फर्निचर पुस्तकातल्या मापानं न करता बाहुलीला बसवून करा. खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर, भागिले बारा पावणेचार. पण या बाहुलीची पोटरी त्याहून बरीच तोकडी, पाय लोंबतात. ती लहान मुलगी आहे असं धरलंय, तेव्हा मोठ्यांच्या खुर्चीवरून पाय लोंबले तर उलट छान. मी पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्यावर गुडघा, कोपर, खांदा आणि केसांसकट डोकं अशा चार खुणा करते, आणि प्रत्येक वस्तू त्या पट्टीशी लावून बघते. पाटावर बसवायचा मोह टाळा. या बाहुल्यांना मांडी घालता येत नाही, पानासमोर पाय पसरून बसतात आणि घरातली आजी रागावेल असं दृश्य होतं. झोपाळा करा. फळी, चार कड्या, दागिन्यांची बारीक पितळी साखळी. पाय लोंबायचा प्रश्न मिटला.

भातुकलीचं तुम्ही विचारलंत. बाजारातली भातुकली मुलांच्या हाताच्या मापाची असते, बाहुलीच्या नाही. दोन इंचांची लोटी तुमच्या खोलीत दोन फुटांची होते. तेवढ्या लोटीनं कोणी पाणी पीत नाही. पण टाकून देऊ नका, बढती द्या. सव्वा इंचाची लोटी हंडा म्हणून मोरीत ठेवा, वाटीला घमेलं करा, ताटली ही परात. तांब्या मात्र १२ मिलिमीटरच्या आसपास हवा आणि तो भातुकलीत मिळत नाही. पुण्याच्या बोहरी आळीत मण्यांच्या पितळी टोप्या मिळतात, त्या वाट्या झाल्या. दोन टोप्या आणि एक मणी एकमेकांवर बसवले की तांब्या. टिचबटणाचा अर्धा भाग हे डब्याचं झाकण. सगळी भांडी नवी चकचकीत ठेवू नका, पण चिंचेनं घासलेलं एक तरी असू द्या.

कापड सगळ्यात अवघड, कारण गुरुत्वाकर्षणाला माप कळत नाही. बारीक केलेली चादर खाली पडतच नाही, पत्र्यासारखी उभी राहते. जुनी, शंभर वेळा धुतलेली नऊवारी किंवा मलमल घ्या, पाणीदार फेविकॉलमध्ये भिजवा, थर्माकोलवर टाचण्यांनी चुण्या धरून वाळवा. दोरीवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा असंच करायचं. गोधडीचे टाके सहापदरी दोऱ्यातला एकच पदर काढून घाला; खरा धावदोरा पाच-सहा मिलिमीटरचा, म्हणजे तुमचा अर्ध्या मिलिमीटरचा. चाळीस वर्षांच्या पुढं असाल तर भिंग घ्याच. पोलिसांच्या शिक्षणासाठी १९४० च्या दशकात गुन्ह्याच्या जागांच्या छोट्या खोल्या करणाऱ्या फ्रान्सेस ग्लेसनर ली या बाईंनी आपल्या बाहुल्यांचे मोजे टाचण्यांवर विणले होते. डोळे दुखले की मी त्यांची आठवण काढते.

दिव्याला घरातली वीज आत घेऊ नका. तीन व्होल्टचा पिवळसर एलईडी आणि नाण्याएवढा सेल बस झाला. चाळीत ट्यूबलाइट हवाच: कान साफ करायच्या काडीची पोकळ नळी जवळजवळ बरोबर जाडीची असते, पाच सेंटिमीटर कापली की दोन फुटी ट्यूब, दोन्ही टोकांना एलईडी. आणि थॉर्न यांच्या खोल्यांतली एक युक्ती उचला. मागच्या भिंतीत दार अर्धं उघडं ठेवा आणि त्यापलीकडे दोन इंचांची गॅलरी करून तिथं वेगळा दिवा लावा. बघणारा आपसूक मान वाकडी करून पलीकडे काय आहे ते शोधतो.

आधी काय, हे राहिलंच. आधी विग. केसांनी डोक्याची उंची आणि रुंदी चांगली पाच-सात मिलिमीटरनं वाढते, खोपा असेल तर जास्त. माझ्या एका खोलीत फळीखालून बाहुली फक्त टकली असतानाच जायची.

तयार झाल्यावर खोली खिडकीसमोर ठेवू नका, उजेडानं रेझिन पिवळं पडतं. मोहेअर आणि रेशमाला कसर लागते. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकजवळ नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते. पावसाळ्यापूर्वी विग हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या हवेइतकी होईपर्यंत उघडू नका. विग पाण्यानं धुऊ नका, फेविकॉलची टोपी मऊ पडते. एरवी तो गोल वस्तूवर चढवलेला असावा. मी बरीच वर्षं मोठ्या सुपाऱ्या वापरायचे, घेर अगदी जुळायचा. मग सुपारीला कीड लागली, आता ३० मिलिमीटरचे लाकडी मणी आणते.